कान चुकलेत

विट्याच्या नाक्यावर पुतळा बसवलाय त्याचा.
फेटा बरोबर आहे, खांद्यावरची गदा बरोबर,
मांडीचा घेर तर शिल्पकारानं थोडा वाढवूनच दिलाय.
कान मात्र चुकलेत.
देवाच्या मूर्तीला असतात तसे पातळ, गुळगुळीत.
हैबती येडग्याचे कान म्हणजे
मातीसकट उपटलेले हळदीचे दोन गड्डे.
मला माहीत आहे.
माझं डोकं त्या कानाला टेकून होतं
पलूसच्या मैदानात, पुरती चार मिनिटं.

मी दस्तगीर शिकलगार.
सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षं हळदीची पोती मोजली.
तिथं माझी ओळख एवढीच:
हैबतीनं ढाकेवर मारलेला तो हा.
पोरीच्या सोयरिकीला आलेले पाहुणेसुद्धा
चहाआधी तेच बोलले,
आणि खरं सांगतो, मानानं बोलले.
कुणाकडनं हरलास, यालाही भाव असतो
यार्डात.

हलगी कडाडत होती.
मातीत ताक, तेल, लिंबू, कापूर
आणि आमच्याच पेढीवरची हळद.
खडाखडी झाली. मी पटात घुसलो.
त्याचा हात मानेवर आला,
मग आभाळ.
नुसतं आभाळ, आणि त्यात एक घार.
लोक आत धावले, त्याला खांद्यावर घेतलं.
माझ्या अंगावरनं किती पाय गेले
ते मी मोजले नाहीत.

त्यानंतर तो पडलाच नाही.
इंदूर, दिल्ली, कोल्हापूर,
टेम्पो भरभरून माणसं मागं जायची.
घरोघरी पोरांची नावं हैबती,
आमच्या गल्लीत एका रेड्याचंही.
बावीस वर्षं मैदान मारलं,
पाठ कोरी ठेवून लंगोट खुंटीला लावला.

मिरजेच्या दवाखान्यात गेलो
तेव्हा ती पाठ गादीला लागलेली,
सत्तेचाळीस दिवस.
नर्स म्हणाली, कूस बदलायचीय, दोघं लागतील.
मी एकटाच पुढं झालो.
कमरेखाली हात घातला.
पलूसला जिथं बोट शिरलं नव्हतं
तिथं कोपरापर्यंत गेला.
पाठीवर रुपयाएवढ्या जखमा,
आणि वजन? अर्धं पोतं.
'हळू दस्तगीर,' तो म्हणाला, 'चीत करशील.'
आम्ही हसलो. नर्सला काही कळलं नाही.

मग भिंतीकडं तोंड करून
त्यानं विचारलं,
'पलूसला तुझी टाच घसरली हुती का रं?'

चाळीस वर्षं मीही तेच विचारत आलोय टाचेला.
त्या दिवशी मातीत ताक जरा जास्त पडलं होतं.
घसरली असेल. नसेल.
टाच काही बोलत नाही.
'न्हाई पैलवान,' म्हणालो,
'ढाक हुती. अस्सल.'
त्याचा श्वास मोठा झाला.
झोपला की काय, पाठीवरनं कळेना.

आता एसटी नाक्यावर थांबली की मी उतरतो.
पुढनं सगळेच बघतात, मी मागं जातो.
कबुतरांनी घाण केलेली असते.
पाठ मात्र शिल्पकाराला जमलीय.
हात पोचेल तेवढी रुमालानं पुसतो.

परवा एका पोरानं विचारलं,
आजोबा, हे तुमचे कोण?
'ह्यानं मला पाडलं,' म्हणालो.
पोरगं पुतळ्याकडं बघेना,
माझ्या कानांकडंच बघत राहिलं.