माग

रात्री डांबरीवर ट्रकनं रोही उडवला.
सकाळी बेड्यावर गार्डाची फटफटी.
मागच्या साली आबाचे फासे जाळणारा
तोच गार्ड. आज मान खाली.
"सुरपत, तुयी कुत्री दे ना.
रोही तुरीत घुसला, गवसत नाही."

आबा बोलला नाही.
बोंडीच्या गळ्यातली दोरी सोडली,
सडकेवरचं रगत बोटावर घेऊन
तिच्या नाकापुढं धरलं.
"जाय."

धसकटावर एक काळा थेंब.
मंग वीस पावलं काहीच नाही.
गार्ड म्हणे, चुकली.
आबा बिडी पेटवत म्हणे, थांब.
बोंडी नाल्यात उतरली,
पल्याड निघाली, अंग झाडलं,
पऱ्हाटीच्या दोन ओळी सोडून
बोराटीच्या जाळीपाशी बसली.
भुंकली नाही.
शिकवलंच तसं आबानं:
जखमी जिवापाशी गलका नको.

रोहीचं पोट हलत होतं,
मागचा पाय भलत्याच दिशेले.
गार्ड डॉक्टरले फोन लावत
धुऱ्यावर चढला, उतरला. रेंज नाही.
आबानं दुपट्टा सोडला,
रोहीच्या डोळ्यावर टाकला,
अन् तिथंच बसला, मानेवर हात ठेवून.

"माझ्या फाशात," तो म्हणाला,
"जनावराले एवढा वेळ लागत नव्हता."

गार्डानं डायरी काढली.
मंग तशीच खिशात ठेवली.