वाटाण्याएवढं

कारखान्यात आम्ही खेकडे सोलतो.
सामुद्रधुनीतला राजखेकडा, काटेरी, तांबडा,
उकळत्या पाण्यातून निघाला की मुकाट कवच सोडतो.
माझी कोपरं सोडत नाहीत.
अकरा वर्षं झाली. वर पांढरे खवले, खाली लाल कातडं,
आणि मुकादम म्हणते, नेरीना, बाही खाली कर,
बाहेरची माणसं बघायला आलीत.

मग ही जेलची ट्यूब मिळाली.
करंगळीएवढी. चार दिवसांचा पगार.
औषधवाल्या येर्को मार्तिनिचनं चष्मा कपाळावर ढकलला:
रात्री लाव. एकदाच. कोरड्या कातडीवर.
खवल्यांपुरतं, पातळ, काठाबाहेर नको,
धड कातडी कशाला जाळायची?
वरून पट्टी बांधू नकोस. हात धू.

रात्री म्हणजे कधी? मी विचारलं.
डिसेंबर होता. पुंता आरेनासमध्ये डिसेंबरात
सूर्य दहा वाजता उठतो जायला,
आणि मग दारात बोलत उभा राहतो.
तो हसला. पडदे ओढ, म्हणाला, ती तुझी रात्र.

पहिले तीन आठवडे कोपरं आधीपेक्षा वाईट.
आग. चादरीवर कोंडा.
मी ट्यूब परत आपटायला गेले.
एक दिवसाआड लाव, तो म्हणाला,
घाई तुला आहे, औषधाला नाही.
सातव्या आठवड्यात एक जागा गुळगुळीत झाली,
शंभर पेसोच्या नाण्याएवढी.
बसमध्ये मी ती अंगठ्यानं चाचपत राहिले
आणि माझा थांबा मागे गेला.

पुढल्या ऑक्टोबरात यानिरानं ती ट्यूब चोरली.
पंधरा वर्षांची. कपाळभर पुटकुळ्या, शनिवारी कुणाचातरी वाढदिवस.
साय थापावी तसं थापलं तिनं तोंडभर.
सकाळी शाळेच्या फाटकावर उन्हाचा दिवा जांभळा,
चौकात लोक दोराला धरून चालावेत असा वारा,
आणि ही टोपीशिवाय.
दुपारी घरी आली ती उकळत्या पाण्यातूनच.

मी ओरडले नाही. म्हणजे, ओरडले.
मग गार पाण्याचा रुमाल, मग व्हॅसलीन,
वाढदिवस गेला.
दोन आठवड्यांनी, कातडी भरल्यावर,
डॉक्टरनं तिला तिची स्वतःची चिठ्ठी दिली.

येर्कोनं बरणीतून सुका वाटाणा काढून
तिच्या तळव्यावर ठेवला.
एवढं. सगळ्या चेहऱ्याला एवढंच.
डोळे, ओठ, नाकपुडीचे कोपरे सोडून.
सोलवटलं तर थांब. सकाळी उन्हाचं मलम, टोपी, ढग असले तरी.
तिनं मूठ मिटली, जशी काही भाड्याची किल्ली.

मग माझी नवी ट्यूब काढता काढता
तो आवाज खाली आणून म्हणाला:
आणि तुझी पाळी?

दिवसभर मी पेट्या मोजते. बारा, चोवीस, छत्तीस.
हे मात्र मोजता येईना.
एक्केचाळीस वर्षांची बाई, मुलीसमोर,
मागे रांगेत खोकणारा एक खलाशी.
मी बोटं दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.
त्यानं ट्यूब काउंटरच्या आपल्या बाजूला ओढून घेतली.
घरातली पण लावू नकोस, म्हणाला. आजच दवाखान्यात जा.
पण आत्तापर्यंत लावलंय ते?
तेच सांग त्यांना. कधीपासून, कुठे, किती.
लपवू नकोस, घाबरून घरीही बसू नकोस.

पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक टेकवलं.
एवढं, म्हणाल्या.
बाकीचं त्या नंतर बोलल्या, बरंच बोलल्या,
पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.
सगळं ठीक असेल असं त्या म्हणाल्या नाहीत.
नसेल असंही नाही.

खवले परत आलेत. कोपरं टेबलावर टेकवत नाही मी.
मुकादम बाहीचं बोलते, मी खेकडा सोलते.

रात्री, पडदे ओढून, यानिरा आरशासमोर बसते,
बोटाच्या टोकावर तेवढंच घेते,
उरलं तर झाकणात परत ढकलायला बघते, कंजूष.
मग न्हाणीघरात नळ बराच वेळ वाहतो.
ती येते, ओले हात माझ्या नाकाशी धरते,
धुतलेत, हुंग हवं तर,
आणि मगच पोटावर ठेवते.
गार असतात.