मुका खांब

दुधाची पिशवी कोपऱ्यात कापू नका,
गल्लीला सांगून ठेवलंय.
वरची कड सरळ कापा, आणि दोन पाण्यांनी धुवा,
नाहीतर माझ्या मोरीला गोठ्याचा वास येतो.
चौगुल्यांची सून न धुताच पाठवते.
पाठवू दे.

वाळल्या की कात्री.
आडवी बोटभर पट्टी कापली की कडी होते,
कडीत कडी अडकवायची, गाठ मारायची नाही,
आणि गुंडा करत जायचं.
तळाला इचलकरंजीच्या मागावरचे उरलेले काठ,
बंदांना चप्पल लाइनीतल्या रज्जाकभाईंच्या पायाशी
पडलेली चामड्याची कात्रणं.
पैसे घेत नाहीत. म्हणतात, झाडायचं वाचलं.

सुई आमच्या ह्यांनी केलेली,
उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत, लेथवर, पितळेची.
आकडी जरा खोल झाली होती.
म्हणाले, वापरून वापरून बसेल.
सतरा वर्षांत सुई बसली,
आता तेही बसलेत, टीव्हीपुढं.

एका मोठ्या पिशवीला दुधाच्या छप्पन्न लागतात.
घर भरलेलं होतं तेव्हा रोज चार यायच्या,
चौदा दिवसांत पिशवी.
आता एकच येते.
मी हिशोब करत नाही,
हातच मोजतात.

म्हणून तर गल्लीच्या घेते.
लक्ष्मीपुरीतनं भाजी आणायला, गुळाची ढेप,
पोहून आलेल्या पोरांचे ओले कपडे,
दवाखान्याची फाइल, रश्श्याचा डबा,
सगळं बसतं तिच्यात,
आणि रस्सा सांडला तर नळाखाली धरायची.

पिशव्या घरांचं सांगतात.
कुणाकडं बाळ आलं, कुणी चहा सोडला,
कुणाकडं पाहुणे राहिलेत आणि जायचं नाव घेत नाहीत.

त्या वेळी मी गडहिंग्लजला लेकीकडं होते.
परत आले तर दाराच्या कडीला
पद्माक्का मगदूमची थैली.
धुतलेल्या पिशव्या, नीट घड्या घालून,
एरवी दिवसाच्या तीन.
ह्या वेळी एकाच तारखेच्या चौदा.
दुसऱ्या दिवसाच्या अकरा. मग नऊ.
मग एक. एक. एक.

कुलूप न काढताच पायरीवर बसले.
एवढा चहा घरात
दोनच कारणांनी होतो,
आणि लग्न असतं तर मला बोलावलं असतं.

त्या चौदा मी वेगळ्या ठेवल्या.
नंतर तिच्याचसाठी विणायला घेतल्या,
सगळे मुके खांब,
सुईवर वेढा न घेता
घातली, ओढली, घातली, ओढली.
वीण घट्ट येते त्यानं,
आत काय आहे ते दिसत नाही.

घेऊन गेले तर म्हणाली,
"एवढी मोठी काय करू गं?
एका माणसाची भाजी ती केवढी."
मी शेवटचा टाका सोडला.
ती गुंडा करायला बसली समोर,
मी ओढत गेले, ती गुंडाळत गेली.
एवढ्या दिवसांची वीण
कुकरच्या तीन शिट्ट्यांत उसवली.

उसवलेली पट्टी सरळ होत नाही.
जिथं जिथं टाका होता तिथं
वळण धरून बसते.
तशीच पुन्हा विणायला घेतली, लहान,
दोन कांदे, एक गड्डी मेथी मावेल एवढी.
आधीच्या वळणावर नवं वळण
कधी बसत होतं, कधी नाही.

मधेच तिचं बोट थांबलं.
"ह्ये निळं काय गं? आकडे हाईत व्हय?"

"शाई हाय," म्हटलं.
"धुण्यात जाईल."

जात नाही ती.