हळू

होडी माझी नव्हती.
मी भाड्याचा वल्हेकरी, दिवसाला एक दिनार,
त्यातलाही पाव हिस्सा कर घेणारा धक्क्यावरच कापून घ्यायचा.

त्या सकाळी कफर्णहूमला
बारा जण चढले, आणि मागून तो.
बारांच्या अंगावर बारा वाटांची धूळ.
एकाच्या वहाणेचा बंद सुतळीनं बांधलेला,
एकाच्या मुठीत जवाची अर्धी भाकर, घामानं मऊ झालेली.
माणसं येतच राहिली होती म्हणे,
घास तोंडापर्यंत पोचलाच नाही.
तो म्हणाला, पलीकडे ने, जिथं कुणी नसेल तिथं.
यांना जरा निजू दे.

किनारा सुटायच्या आत ते झोपले,
ओली जाळी टाकावीत तसे, कुणाचा पाय कुणाच्या छातीवर.
एक जण झोपेतही कुणाला तरी सांगत होता,
ऊठ बाई, ऊठ, ताप उतरलाय.

वारं पाठीशी होतं. मी खूश होतो.
दुपारपर्यंत परतलो तर अझूर मालक
दुसरी फेरीही देईल, असा माझा हिशेब.

मग किनाऱ्याच्या कडेनं धूळ उठलेली दिसली.
आधी वाटलं, मेंढरं.
माझा बाप मत्तन्या बेथसैदेच्या वरच्या माळावर मेंढरं राखायचा,
म्हणून मला ठाऊक आहे :
हरवलेलं मेंढरू ओरडत नाही.
लोकांना वाटतं ओरडतं.
ते काट्यांत बसून राहतं, मुकं,
हाक ऐकूनही उठत नाही,
उचलूनच आणावं लागतं.

पण ती माणसं होती.
होडीवर नजर ठेवून पाण्याच्या काठाकाठानं धावत होती.
पुढं तरणी पोरं, त्यांच्यामागं बाया,
पाठुंगळीला कुणाची तरी म्हातारी आई,
आणि पार मागं, दगडांत,
काठी टेकत येणारा एक जण. त्याला कुणी थांबत नव्हतं.

मी म्हणालो, वारं चांगलं आहे, खोल पाण्यातून वळवतो,
पोचायचे नाहीत ते.
तो काठाकडे बघत राहिला.
मग पायाशी झोपलेल्यांकडे.
मग पुन्हा काठाकडे, त्या काठीवाल्याकडे.
पोटात काही पिळावं तसा त्याचा चेहरा झाला.
लेकराला लागल्यावर आईचा होतो तसा.

शीड उतरव, तो म्हणाला.
आणि माझ्याशेजारी बसून दुसरं वल्हं घेतलं.
हळू, म्हणाला.

इतकी हळू होडी मी कधी मारली नव्हती.
पाणी सुद्धा जागं होऊ नये अशी.
बारा जण झोपत राहिले,
आणि तो काठीवाला दगडांतून
एकेक पाऊल आमच्या बरोबरीला येत गेला.
तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं
की तो एकाच वल्ह्यानं
दोघांचीही सोय करत होता.

लव्हाळ्यांत होडी लावली.
यांना उठवू नकोस, एवढं सांगून
तो गुडघाभर पाण्यात एकटाच उतरला.
वळून माझे तळहात बघितले, जुने फोड, नवे फोड.
शलोमीथ, माझी धाकटी, गेली त्या हिवाळ्यापासून
मी सभास्थानाची पायरी चढलो नव्हतो.
हे मी त्याला सांगितलं नाही.
हे मी कुणालाच सांगत नव्हतो,
बसून होतो आपला, वल्हं धरून.
तूही ठेव आता ते, तो म्हणाला.

काठीवाला पोचला तेव्हा
बोलणं केव्हाच सुरू झालं होतं.
पण पुढं, अगदी पुढं,
एका माणसाच्या बसण्याएवढी जागा रिकामी होती.

रात्री अझूरनं विचारलं, एवढा उशीर?
वारं पडलं होतं, मी म्हणालो.

वारं पडलं नव्हतं.