हाताखाली किती माणसं

अर्जातला नववा रकाना विचारतो:
तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?
मी हाताखाली बघते.
टेबलाचा सनमायका, चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ.
शून्य लिहिते. शून्य छान गोल येतं,
बोअरसारखं, अगदी मापात.

कर्वे रोडच्या क्लासमधले सर म्हणाले होते,
'आम्ही' कापा. निवड समितीला 'आम्ही' कळत नाही.
मी केलं, मी ठरवलं, असं येऊ द्या.
आणि लाल पेनाने माझ्या निबंधातले
सतरा 'आम्ही' खुडले, मेथी निवडावी तसे.
काड्या तेवढ्या माझ्याकडे परत आल्या.

तर ती रात्र. भोसरी, एमआयडीसी, तिसरी शिफ्ट.
गुरुवारच्या सुट्टीआधीची, म्हणून सगळ्यांना घाई.
साहेब साडेबारालाच निघून गेलेले.
चार नंबरच्या मशीनपाशी ऐनुद्दीनचाचा
कान तिरका करून उभे.
"पोरी, हिचा आवाज बदललाय. बघ जरा."
मी गेज घातला.
गेजला दोन टोकं असतात:
एक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये.
जाऊ नये ते टोक
सरळ आत गेलं, चप्पलही न काढता.

ब्रेकचा पार्ट होता तो.
कुणाच्या तरी मोटरसायकलचा, कुठल्या तरी घाटातल्या.
लाल बटण दाबायचा अधिकार माझा नव्हता.
माझ्या ओळखपत्रावर 'ट्रेनी' होतं,
आणि फोटो दहावीतला.
मी दाबलं.

आवाज थांबला की कारखाना केवढा मोठा वाटतो.

प्रल्हाद भिंताडे अंगावर धावून आला.
त्याचे पैसे नगावर होते, पोरीची फी तटलेली.
"तू कोण गं?" म्हणाला.
या प्रश्नाला शब्दमर्यादा नव्हती,
तरी मला एकही शब्द सुचला नाही.

मग खोकी उघडली. अकराशे नग.
पॅकिंगच्या सुलभाताईंनी गेज कधी हातात धरला नव्हता.
मी त्यांना दाखवलं, त्यांनी आणखी तिघींना,
आणि पहाटे चारला त्याच माझ्यावर ओरडल्या,
"अगं, तिरका धरतेयस! झोप आलीय तुला, बस खाली."
मी बसले.
भिंताडे शेवटपर्यंत बोलला नाही,
पण खोकी तोच उचलत होता.
एकशे बेचाळीस नग बाद.

त्याचे त्या रात्रीचे पैसे मला मिळवून देता आले नाहीत.
साहेबांकडे दोनदा गेले. नाहीच.
सर म्हणतात, हे नको, शेवट यशाचा हवा.
मी ठेवलंय.

आता दिघीच्या खोलीत रात्रीचे दोन वाजलेत,
मुदत सकाळी दहाची,
आणि निबंध झालाय दोनशे त्रेपन्न शब्दांचा.
अडीचशेच्या पुढे चौकट काही आत घेत नाही.
'ऐनुद्दीनचाचा' काढलं तर एक शब्द कमी होतो.
'सुलभाताई' काढलं तर आणखी एक.

संध्याकाळी चाचांना फोन केला होता,
तुमचं नाव घालू का विचारायला.
"घाल की. पण नीट घाल.
पगाराच्या चिठ्ठीवर तेवीस वर्षं 'अनुदिन' छापतायत."

मग 'मी' खुडायला घेते.
तीन निघतात, वाक्यांना काही होत नाही.
'बटण दाबलं' एवढंच उरतं.
कुणी दाबलं, ते क्रियापद सांगत नाही,
आणि खरं सांगायचं तर
ऐकलं कुणी, तिथूनच ते दाबलं गेलं होतं.

अडीचशे.
नवव्या रकान्यातलं शून्य तसंच राहू देते.
पाठवण्याआधी
'ऐ'वरची मात्रा तेवढी पुन्हा तपासते.