एक जून

खडकमाळच्या कचेरीत, जिन्याखालच्या टेबलावर
माझ्यापुढे दोन फायली.
एकीत निराधार पेन्शनवाले, एकवीस हजार ओळी,
दुसरीत वर्षभराचे मृत्यू.
साहेब म्हणाले, पहिलीतून दुसरीतले काढून टाक, चारपर्यंत.
चहावरची साय काढ म्हणावं, तसं म्हणाले.

अवघड काहीच नाही. नियम एका ओळीचा:
मृतांची यादी आधी सगळी पाठ करायची,
मग जिवंतांना एकेक करून दारातून सोडायचं.
ज्याचा पहिला रकाना आणि तिसरा रकाना
पाठ केलेल्याशी जुळला, तो बाहेर.
नाव आणि जन्मतारीख. झालं.
एन्टर दाबला.
चौकात पीएमपीच्या बसने ब्रेक मारला,
तो आवाज विरायच्या आत
चारशे बारा ओळी गेल्या.

किसन बाळा अडागळे तेवढा राहिला.
वैकुंठात पोचून सहा महिने झालेले,
पण टाइप करताना कुणीतरी
आडनावानंतर स्पेसबार एकदा जास्त दाबलेला.
त्या टिचभर मोकळ्या जागेवर
तो सहा महिने पेन्शन घेत जगला.
मी ती जागा पुसली.
पुसताना उगाच वाटलं, दिवा मालवतेय.

दिवाळी झाल्यावर शेवंता गेनू ढावरे आल्या,
दांडेकर पुलावरून चालत, हातात पासबुक.
"पैसं थांबल्यात बाई, दोन म्हैनं."
जिवंतांत शोधलं. नव्हत्या.
मृतांत होत्या. शेवंता गेनू ढावरे, जन्म १ जून १९५२.
आधारवरही तेच. अक्षर न् अक्षर.
पत्ता मात्र निराळा, ती बोपोडीची.
पत्ता पाचव्या रकान्यात होता.
पाचवा रकाना मी घेतलाच नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा मोजलं:
एकवीस हजारांत एक जूनला जन्मलेले
सहा हजार तीनशे.
कुठकुठल्या शाळांचे मास्तर,
समोर नाक पुसणारं पोर, बापाला तिथी आठवत नाही,
दिली सोयीची तारीख न् घेतलं पटावर.
शेवंताबाई तर शाळेतही गेल्या नव्हत्या.
आधारवाल्या मुलाला म्हणाल्या होत्या,
"पानशेत फुटलं तवा मी एवढी व्हते,"
आणि कमरेपाशी हात धरला होता.
हाताची उंची लिहायला रकाना नव्हता.
त्याने एक जून लिहिलं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला, समजावून सांगितलं,
म्हणजे खरं तर स्वतःची बाजू मांडली.
त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या,
"चाळणच की ही.
मी बत्तीस वर्सं मार्केट यार्डात, भुसारात, धान्य निवडलं.
खड्याएवढा दाणा असला की त्योबी खड्यात जातो.
चाळणीला काय कळतंय?
म्हणून फेकायच्या आधी खड्यांची मूठ
उजेडात धरायची. शेट वरडायचा.
वरडू दे."

हयातीच्या दाखल्याचा फॉर्म मी भरला.
त्यांनी अंगठा उठवला, पुसायला कागद मागितला,
आणि जिवंत असल्याचा पुरावा झेरॉक्स करायला
समोरच्या दुकानात गेल्या. दोन प्रती.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर
मी नियम थोडा बदलला:
पाचवाही रकाना जुळला पाहिजे,
आणि जे गळतील ते कुठे न जाता
तिसऱ्या एका फायलीत पडले पाहिजेत.
फायलीला नाव काय द्यावं सुचेना. 'मूठ' दिलं.

मग जुन्या चारशे बारा ओळी उघडल्या
आणि एकेक मोठ्याने वाचत गेले.
शिपाई कुलूप घेऊन दारात उभा, दोनदा खाकरला.
चौऱ्याण्णवाव्या ओळीवर पुन्हा एक जून,
पत्ता जुळत नाही.
फोन नंबर सातव्या रकान्यात.

लावलाय.
वाजतोय.