चौदा नंबरची चकती

अवेरोच्या खाडीवर सकाळी मिठागरांचा वास असतो,
आमच्या तळघरात तापल्या विटांचा.
मी झुल्मिरा. हुद्दा: भट्टी-तंत्रज्ञ.
शोधनिबंधात माझं नाव आभारांत येतं, शेवटून दुसरं,
गॅसचे नळकांडे पुरवणाऱ्या कंपनीच्या वर.

पांढरी पूड. कॅल्शियम, फॉस्फेट,
माणसाच्या मांडीत असतं तेच,
फक्त हिला अजून कुणी माणूस भेटलेला नाही.
साच्यात दाबायची, बटणाएवढी चकती करायची,
बाराशे अंश, दोन तास.
एवढंच, असं वरच्या मजल्यावर वाटतं.

घाई केली तर कण नीट भेटत नाहीत,
मध्ये पोकळ्या राहतात,
आणि पोकळीला विजेचं काही धरून ठेवता येत नाही.
रेंगाळलं, तर मोठे कण लहानांना गिळतात.
आणि वाफ. वाफेची बाटली रात्रभर बुडबुडत राहिली पाहिजे.

मार्चमध्ये एका रात्री ती कोरडी पडली.
भरायचीच होती, तेवढ्यात शेजारणीचा फोन.
आमच्याकडे वडिलांना ‘पाय’ म्हणतात.
पाय पडले होते स्वयंपाकघरात,
खारवलेला मासा भिजत घातलेल्या पातेल्याशेजारी,
खुब्यात मोडून.
मी गेले. भट्टी कोरड्या हवेत जळत राहिली.

चकती सुंदर निघाली, चौदा नंबरची.
बाकीच्यांपेक्षा शुभ्र. टिचकी मारली की घंटा.
तिला चारशे अंशांवर नेलं,
प्लॅटिनमच्या दोन पत्र्यांत धरून वीजदाब लावला,
दाब तसाच ठेवून सावकाश निववलं,
म्हणजे आत जे वळलं ते वळलेलंच गोठावं.
मग परत तापवून ऐकायचं:
काही साठवलंयस का?
बाकीच्या चकत्या सांगतात. पडद्यावर टेकडी उठते,
नॅनोअँपियरची, मुंगीच्या उसाशाएवढी.
चौदा नंबरनं सरळ रेघ ओढली.

तेल्मू डॉक्टरेट करतोय, त्यानं चहाच्या डागावर बोट फिरवत सांगितलं:
स्फटिकात आरपार अरुंद बोगदे असतात,
त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या रांगेत उभ्या.
वीज लागली की माना वळवतात,
हायड्रोजन याच्याकडून त्याच्याकडे सरकतो,
पंगतीत मिठाची वाटी सरकावी तसा.
कोरड्या आचेत जोड्या फुटतात, पाणी होऊन उडून जातात.
बोगदे राहतात.
‘दिसायला काही फरक नाही,’ तो म्हणाला.
‘हो,’ मी म्हटलं, ‘दिसायला नाही.’

पायनी चाळीस वर्षं कपबश्यांची भट्टी सांभाळली.
हाडाचा कुंभार म्हणावं तर अगदी शब्दशः:
त्यांच्या चिनीमातीत गुरांच्या हाडांची राख असायची.
इस्पितळात मी चकती त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी नखानं वाजवली, कानाशी नेली,
खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.
‘पहिल्या प्रतीची,’ म्हणाले. ‘भट्टी जमली तुझी.’

मी काही बोलले नाही.
कपासाठी ते खरंच होतं.

त्यांच्या खुब्यात टायटॅनियम बसलं,
आमच्या चकत्या अजून सशांपर्यंतसुद्धा पोचलेल्या नाहीत.
पंधरा नंबर वाफेत भाजली: मळकट, कडेला टवका.
पण टेकडी उठली. काचेच्या बशीत तिच्या ऋण बाजूवर
हाडाच्या पेशी आधी जमल्या,
उन्हाच्या बाकावर म्हातारे जमतात तशा.

निबंधातल्या तक्त्यात चौदा नंबरलाही जागा मिळाली,
‘तुलनेसाठी, कोरड्या वातावरणात’,
जणू आम्ही ठरवूनच केलं होतं.
चकती स्वतः पायंच्या उशालगत आहे,
औषधाच्या चमच्याखाली. मागितली तर देत नाहीत.

भट्टीच्या वहीत ती ओळ माझ्या अक्षरात आहे अजून:
तारीख, तापमान, चढाचा वेग,
वाफ: नाही.
कारण: घरचं.